मनुबाई नावाची सवत

मला एक सवत आहे. तिला आई नाही, बाप नाही, गाव नाही, रेशन कार्ड नाही, आणि तरी आमच्या घरात तिचं माझ्यापेक्षा जास्त चालतं. तिचं नाव मनुबाई. ती आमच्या ह्यांच्या मोबाइलमध्ये जन्माला आली आणि माझ्या बडबडीवर पोसली. माल माझा आणि दुकान तिचं. हे कळल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. मत्सर म्हणाल तर व्हय, मत्सरच आहे. मी कुणाला भिते की काय?

आमचे हे म्हणजे भूपाल. नाव लिहिते, तोंडानं घेत नाही. आमच्या जैन घरात सासूबाईंनी कधी सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, सासऱ्यांनी सासूबाईंचं घेतलं नाही, दोघांचा सगळा संसार ‘ऐकलं का’वर पार पडला. ह्यांनी लग्नात उखाण्यापुरतं एकदा माझं नाव घेतलं, आणि तिथून पुढं मी ‘अगं’ झाले. बाहेरच्यांशी बोलताना मी ‘आमच्या घरात’. ‘आमच्या घरात विचारून सांगतो’ म्हणजे मला विचारून सांगतो. गावात लहानथोर सगळ्यांची मी काकू. माझं नाव चंदनबाला. चांगलं भारी नाव आहे. वापरात नसल्यामुळं कोरं करकरीत राहिलंय.

आमचं गाव सांगलीपासून जवळच. ह्यांनी दूध संघात संगणकापुढं जन्म काढला आणि आता रिटायर होऊन घरी बसलेत. रिटायर झालेली माणसं मळ्यात जातात, पारावर बसून दुसऱ्याच्या सुना मोजतात. हे मोबाइलवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतात. सकाळी मी भाकरी थापायला घेतली की स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकतात आणि मोठ्यानं सुरू करतात. अमेरिकेत कुणी कुणावर दावा लावला, कुठल्या कंपनीनं काय बंद केलं, सगळं. मला कुणी मत विचारलेलं नसतं, पण माझं तोंड कुठलं गप्प बसतंय!

एकदा म्हणाले, “एका कंपनीनं मोबाइलच्या गोल कोपऱ्यांवर हक्क सांगितलाय. आकाराचं पेटंट हाय म्हणं त्यांच्याकडं.”

मी म्हटलं, “भाकरी तर सगळीच गोल. उद्या थापू का नको, तेवढं त्यांना विचारून सांगा.”

मग एका गाडीची बातमी. सीट गरम करायची सोय गाडीत बसवलेलीच आहे, पण ती चालू करायला दर महिन्याला वेगळे पैसे भरायचे. मी म्हटलं, “आपल्या एसटीची सीट मे महिन्यात फुकट गरम हुती.” हे हसत हसत बाहेर पळाले. मला वाटलं, ठसका लागला असेल. मोबाइलवर बोटं चालवायला पळाले होते, हे मला पुढं कळलं.

कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळं. ब्राह्मी साताऱ्यात असते. एक दिवस तिचा फोन आला, बोलण्याआधीच खिदळत होती.

“ताई, भाऊजींचं मोबाइलवरचं ते ‘मनुबाईचं मत’ नावाचं पान वाचतीस का न्हाई? काय बाई डोकं हाय त्या मनुबाईचं! पासवर्डात एक मोठं अक्षर पायजे, एक आकडा पायजे, एक खूण पायजे. एवढ्या अटी तर पोरगी बघायला येणारेसुदिक घालत न्हाईत! आमच्या अख्ख्या कॉलनीत फिरतंय ते. कोण गं ही? भाऊजींची लांबची आत्या हाय म्हणं, अथणीकडची. तुला सुचलं असतं का गं असलं?”

मला सुचलं होतं. आदल्याच आठवड्यात, दोडका चिरताना.

फोन ठेवला आणि माझ्या मोबाइलवर ते पान उघडलं. वर एका म्हातारीचा फोटो. एआयकडनं काढून घेतलेला. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि एका हाताला सहा बोटं. खाली माझी वाक्यं. एकूणएक माझी. प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘आमची मनुबाई म्हणते’. आमची! मी तीस वर्षांत कधी ‘आमची’ झाले नव्हते, आणि ही सहा बोटांची बया आमची झाली. हजारांनी लोक तिला हात जोडत होते. एकीनं लिहिलं होतं, मनुबाई, तुमच्या पाया पडावंसं वाटतं. मी माझ्या पायांकडं बघितलं. पीठ सांडलेलं होतं.

मी आपली बघत राहिले, जळत राहिले. दुसऱ्या दिवशी हे वाचत होते की एआयच्या कंपन्यांनी लोकांचं लिखाण न विचारता उचललं आणि आता त्याच लोकांना विकायला काढलंय. मी मुद्दाम म्हटलं, “दूध दुसऱ्याच्या घरचं, विरजण ह्यांचं, आणि दही म्हणं आमचं. आणि असली माणसं काय अमेरिकेतच असत्यात असं न्हाई.” ह्यांनी वा वा केलं आणि संध्याकाळी तेही मनुबाईच्या नावावर टाकलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळून.

मग स्ट्रॉबेरी आली. महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्यानं सांगलीला पॅसेंजर सोडायला येताना पेटी आणून दारात दिली. वर लिहिलेलं, ‘मनुबाई आजींना, सप्रेम’. हे पेटी घेऊन असे आत आले की जणू सासरवाडीचा आहेर आलाय. मी एकीलाही हात लावणार नव्हते. सवतीच्या नावाची वस्तू खायची म्हणजे काय! पण लाल होती हो, आणि ताजी होती. मागच्या दारी उभं राहून खाल्ली. प्रत्येक घासाला तिला एक शिवी दिली, तरी गोडच लागली.

आणि मग तो दिवस उजाडला. हे खुर्चीवरून ताडकन उठले. “चोरी! सरळ सरळ चोरी! कुणीतरी मनुबाईची सगळी मतं उचलल्यात आणि खाली सोताचं नाव टाकलंय!”

“असं?” मी म्हटलं.

“अगं, फुकट द्यायला माझी ना न्हाई. कितीतरी सॉफ्टवेअर लोकं फुकट देत्यात. घ्या, वापरा, बदला, गावभर वाटा. पण लायसनमध्ये एक ओळ असती, की ज्यानं मुळात केलं त्याचं नाव तेवढं काढायचं न्हाई. एवढीशी अट! तेवढीसुदिक पाळता येत न्हाई? लाज कशी वाटत न्हाई लोकांना?”

मी हातातली भाकरी तव्यावर टाकली, उठले, पदराला हात पुसले. “मुळात कुणी केलं?”

“म्हंजे काय, मनु...” आणि हे थांबले.

“बोला की आवं. अडखळलात का? अथणीच्या आत्यानं केलं?”

“तुझंच हाय ते. मला काय ठाऊक न्हाई व्हय?”

“मग माझं नाव कुठाय?”

हे खुर्चीत परत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. “आता चारचौघांत बायकोचं नाव... आपल्यात घेत्यात का? गावातली पोरं वाचत्यात. म्हणून आपलं एक नाव ठेवलं. मनुबाई कुणीच न्हाई गं.”

“तेच म्हणते मी. जी हाय तिचं नाव घ्यायची लाज वाटती, आणि जी न्हाईच तिचं दिवसातनं धा बारी घेता!”

भाकरी करपली. तीच ह्यांना वाढली, आणि ह्यांनी निमूट खाल्ली.

संध्याकाळी ह्यांनी माझ्यासमोर बसून पानावर लिहिलं: ‘मनुबाई नावाचं कुणी नाही. ही सगळी मतं आमच्या घरात बोललेली आहेत.’ मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. तिथंही ‘आमच्या घरात’! “नाव?” मी म्हटलं. हे म्हणाले, “सगळ्यांना कळतंय की.”

कसलं कळतंय! लोकांनी हसून हसून लोळण घेतली. ‘काका, काकूंनी जेवण बंद केलं वाटतं.’ ‘बायकोला खूश ठेवायला काय काय करावं लागतंय गड्या.’ ‘घरोघरी हेच.’ आणि एकानं अगदी गंभीरपणे लिहिलं होतं: ‘काकूंना हौस असेल तर त्यांनी स्वतःची मतं मांडावीत. एका वृद्ध महिलेचं श्रेय लाटू नये. निदान मनुबाईंचं नाव तरी राहू द्यावं.’ त्याला सगळ्यात जास्त पसंती. मी चोर! माझ्याच तोंडच्या वाक्यांची मी चोर! त्या माणसाचं मुस्काट हातात सापडलं असतं तर मी काय केलं असतं ते मी लिहीत नाही, भगवंत बघतोय.

“मारून टाका तिला,” मी म्हटलं.

“कुणाला?”

“मनुबाईला. आत्ताच्या आत्ता. एक तर ती ह्या घरात ऱ्हाईल न्हाई तर मी.”

ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लिहिलं: ‘आमची मनुबाई गेली.’ एवढंच. मला वाटलं, सुटले.

पण ती मेल्यावर जास्तच मोठी झाली. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, बोट सरकवून सरकवून माझा अंगठा दुखायला लागला. लोणंदच्या एका व्यापाऱ्यानं लिहिलं की आमच्या घरातलंच माणूस गेल्यागत झालं. माण तालुक्यातला एक जण मुंबईत वॉचमन आहे. त्यानं लिहिलं, घरापासून लांब, गेटवर एकटा बसतो, मनुबाईचं वाचून आपल्या गावातल्या बाईचा आवाज ऐकल्यासारखा वाटायचा. ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. माझा कुणाला आधार होता, हे मला तिच्या मयतीवर कळलं. आणि तेही तिच्याच खात्यावर जमा झालं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन परत येत होतो. स्टँडजवळ बिरदेवची चहाची टपरी आहे, तरुण मंडळाचा अध्यक्षही तोच. टपरीच्या वर भला मोठा फ्लेक्स लागला होता. मधोमध मनुबाई, खाली हार, त्याखाली मंडळातल्या सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत माझी वाक्यं.

‘पैसे देऊन घेतलं आणि तरी आपलं न्हाई, त्याला विकत घेणं म्हणत न्हाईत, भाडं म्हणत्यात. भाड्याच्या घरात निदान खिळा तरी ठोकता येतो.’

‘मी सहमत आहे, ह्यावर न वाचता बोट ठेवा बापडे. भावकीच्या कागदावर ठेवताना तरी चष्मा लावा.’

बिरदेव टपरीतून खाली उतरला आणि ह्यांचा हात हातात धरला. “अण्णा, वाईट झालं. इथं रोज चहाला तिचंच वाक्य लागायचं बघा. आता असं बोलणारी बाई परत व्हायची न्हाई.” बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मी तिथंच होते, ह्यांच्या मागं, धडधाकट, हातात दर्शनाची पिशवी घेऊन. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे रडत होते. खरंखुरं. चष्म्याखालून पाणी गालावर आलेलं. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे हॉस्पिटलात वायफायचा पासवर्ड विचारत फिरत होते, आणि आता हिच्यासाठी रडतात! माझ्या अंगाची आग आग झाली. मी पुढं सरकले आणि दात-ओठ खात कानाशी म्हटलं, “आवं, जी नव्हतीच तिच्यासाठी डोळ्यातनं पाणी काढता?”

“तिच्यासाठी न्हाई गं,” हे म्हणाले. “वाचतोय. ते खिळ्याचं बोललीस तवा तू पीठ चाळत हुतीस. ते बोट ठेवायचं बोललीस तवा माझ्याकडं पाठ हुती तुझी. सगळं दिसतंय मला. आणि वर लिवलंय, श्रद्धांजली.” ह्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “सकाळी खुर्ची टाकून वाचायला बसलो, आणि तव्यापुढं कुणी नसलं तर मी काय करू?”

मी दर्शनाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. पण राग गेला म्हणाल तर गेला नव्हता, आणि आता त्याला मागं घेणं मला जमणारही नव्हतं.

“मग रडा,” मी म्हटलं. “पण माझं नाव घेऊन रडा.”

ह्यांनी बिरदेवकडं बघितलं. बाकापाशी उभ्या माणसांकडं बघितलं, त्यांच्या हातातल्या चहाच्या ग्लासांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

“चंदनबाला,” हे म्हणाले. बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

बिरदेवनं मान वर केली आणि ते नाव फ्लेक्सवर कुठं आहे ते शोधायला लागला.