जावेचं कॅसरोल

माझ्या धाकट्या जावेनं लग्नात आणलेल्या सामानात एक गोल ओव्हन होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अरुंद स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती, म्हणून माझा ज्वारीच्या पिठाचा डबा ओट्याखाली गेला आणि ओव्हन ओट्यावर बसला. पीठ घ्यायला मला रोज वाकावं लागायचं, आणि वाकताना रोज त्या ओव्हनची आठवण यायची.

मी सोयगावची, शेतकऱ्याची मुलगी. जाऊ पुण्याची, स्वयंपाकाचा क्लास केलेली. माझा नवरा आणि दीर दोघंही वाळूजला कारखान्यात होते. त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या, त्यामुळं घरात जेवणाला धड वेळ नसायची आणि कायम काहीतरी उरलेलं असायचं. ते उरलेलं मार्गी लावणं हे माझं खातं होतं. शिळ्या भाकरीचा कुस्करा, कालच्या वरणात कणकेची फळं, भाजीचा रस्सा उरला तर त्यात पीठ भिजवून धपाटे. माझ्या हातून काही वाया गेलं नाही, याचा मला अभिमान होता. आजही आहे.

जाऊ येऊन थोडे दिवस झाले असतील. एका दुपारी ती म्हणाली, "ताई, आज संध्याकाळी तुम्ही बसा. मी कॅसरोल करते."

आता कॅसरोल म्हणजे आमच्याकडं एकच वस्तू. पोळ्या गरम ठेवायचा तो जाड प्लास्टिकचा, आत स्टीलचा डबा. सगळं गाव त्याला कॅसरोलच म्हणायचं, अजूनही म्हणतं. तिला लग्नात दोन आले होते. मी त्यातला एक माळ्यावरून काढला, घासला, फडक्यानं कोरडा केला आणि तिच्यापुढं ठेवला. "हा घे. पण यात करणार काय तू?"

ती हसली. ओटा धरून हसली. वाईट मनाची नव्हती ती, हसता हसता तिनं माझा हातसुद्धा धरला. पण रात्री जेवताना तिनं ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. दिराला ठसका लागला. त्याचं सोडा, नवा नवरा तो, बायकोच्या प्रत्येक शब्दाला हसायचा. पण माझा नवरा त्याच्याहून मोठ्यानं हसला, ते मला लागलं.

आणि ते कॅसरोल तरी काय होतं? सकाळचे उकडलेले बटाटे, अर्धा फ्लॉवर, मूठभर मटार, खाली शिळ्या पावाचे तुकडे, वरून दुधात शिजवलेला मैदा आणि डब्यातलं किसलेलं चीज. ते सगळं थरांवर थर लावून ओव्हनमध्ये ठेवलं आणि वर तांबूस रंग आला. "यात वेगळं काही आणावं लागत नाही, ताई. घरात असेल त्यातून करायचं, हीच तर गंमत," असं ती मला समजावून सांगत होती. मला! घरात असेल त्यातून मी इतकी वर्षं दुसरं काय करत होते? पण मी केलं की ते उरलंसुरलं, आणि तिनं केलं की कॅसरोल.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. गिळलं गेलं नाही ते सासूबाईंचं बोलणं.

त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आमच्या गावाकडची रीत तशी. जाऊ पहिल्या दिवसापासून 'आई' म्हणत होती. तर आत्याबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! काय लज्जत हाय! कशाला एवढी तकलीफ घेतली बाई?"

लज्जत! हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर घरच्या जेवणाला ऐकलाच नव्हता. त्या निजामाच्या राज्यात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांकडं अंमलदार जेवायला यायचे, तेव्हाची ती बोली त्यांनी जपून ठेवली होती. आणि माझ्या वाट्याला काय? पुरणपोळी करा, शेंगोळे करा, सणाचा स्वयंपाक रांधून पाठ मोडून घ्या, आत्याबाई पहिला घास घेऊन एवढंच म्हणायच्या, "मीठ बरोबर हाय." बस. मान खाली आणि जेवण सुरू.

माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्न होऊन आले तेव्हा या बाईच्या हाताखाली मी भाकरी थापायला नव्यानं शिकले. 'छान झालंय' हे शब्द मला कुणाकडून तरी ऐकायचे होते, आणि ते हिच्याकडूनच ऐकायचे होते. नवऱ्यानं शंभर वेळा म्हटलं असतं तरी भागलं नसतं. म्हणून दर रविवारी तो ओव्हन तापायला लागला की माझाही जीव जळायला लागायचा.

जाऊ एकदा माहेरी गेली तेव्हा मी ठरवलं, आपणही करायचं. तिच्या ओव्हनला हात लावायचा नाही, हे पण ठरवलं. जाड बुडाचं पातेलं घेतलं. तळाला शिळ्या भाकरीचे तुकडे, त्यावर लसणाच्या फोडणीची मेथी, त्यावर पातळ पिठलं, पुन्हा भाकरी, पुन्हा पिठलं, वर शेंगदाण्याचं कूट आणि तेलाची धार. शेगडीवर ठेवून झाकणावर निखारे रचले. घरभर असा काही वास सुटला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "काय करायलीस गं?" तिनं विचारलं. "कॅसरोल," मी म्हटलं. चांगलं ठणकावून म्हटलं.

आत्याबाईंच्या ताटात मी मुद्दाम खालची खरपूस कड वाढली. त्यांनी घास घेतला. मी वाढायचं सोडून तशीच उभी.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, कड खरवडून मागितली. पण लज्जत नाही ती नाहीच. मी ते पातेलं इतकं आदळून घासलं की त्याला पोचा आला.

पुढं दिरानं वाळूजला घर घेतलं. दोन खोल्या जास्त, मागं मोकळी जागा, जावेला दिवसही गेलेले. आत्याबाई तिकडंच जाणार, असं सगळे धरून चालले होते. मी तर त्यांची लुगडी घडी करून पेटीत भरायला घेतली होती, आणि भरताना रडत होते. त्या आल्या, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "कुठं धाडती गं मला? दोन-चार दिवस जाऊन यीन. ऱ्हायला नाय."

त्या दुपारी जाऊ ओव्हन खोक्यात भरत होती. एकदम म्हणाली, "मला माहीत होतं आई येणार नाहीत. ताई, तुम्ही केलेलं असलं की त्या नुसतं मीठ बघतात आणि जेवायला लागतात. माझ्या हातचं खाताना बघितलंय तुम्ही? लज्जत काय, तकलीफ काय! त्या दारी आलेल्या पाहुण्यांशी तस्संच बोलतात. मी या घरात पाहुणीच राहिले." तिचे डोळे भरून आले होते.

तिचं म्हणणं मी पडताळून पाहिलं. खरंच, वरच्या मजल्यावरची बाई बेसनाचे लाडू द्यायची तेव्हा लज्जत. नवऱ्याच्या साहेबाच्या घरून मिठाई आली तेव्हा लज्जत. घरच्यांना फक्त मीठ. मी इतकी खूश झाले की ओट्यावर पिठाचा डबा परत ठेवताना गाणं गुणगुणत होते. त्यानंतर कितीतरी वर्षं आत्याबाई माझ्या हातचं जेवल्या. 'मीठ बरोबर हाय' ऐकलं की मला मुकुट घातल्यासारखं वाटायचं.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी वस्तूंचा, मग दिवसांचा, मग माणसांचा.

एका दसऱ्याला दीर-जाऊ आले. जावेनं कॅसरोल करून आणलं होतं, डब्यातच, त्या पोळ्यांच्या डब्यात, गरम राहावं म्हणून. त्यावरून आम्ही दोघींनी आधी हसून घेतलं. मी आत्याबाईंच्या आवडीचे शेंगोळे केले होते. त्यांना आता मीच भरवायची. पहिला घास मी शेंगोळ्याचा दिला.

त्यांनी चावला, गिळला आणि माझ्याकडं बघितलं. चेहरा उजळला.

"वा! काय लज्जत हाय!" त्या म्हणाल्या. "कशाला तकलीफ घेतली? कोन्या गावच्या तुमी?"

तुमी. जन्मभर मला 'तू' म्हणणाऱ्या बाईनं मला 'तुमी' म्हटलं. ज्या शब्दासाठी मी तेवढी वर्षं जळले, तो शब्द आला तो असा. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "सोयगावची." त्या मान डोलवत म्हणाल्या, "लांबून आलात."

मला पुढचा घास उचलवेना. जावेनं माझ्या हातातली वाटी घेऊन बाजूला ठेवली आणि आपल्या ताटातलं ते बटाट्याचं, पावाचं चमचाभर त्यांना भरवलं. त्यांनी तोंडात घोळवलं. मान खाली घातली.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

जावेचा हात तसाच राहिला. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तिचा डबा उघडा होता. मी चमचा घेतला, तळापासून भरून घेतला आणि चाखला.

मीठ कमी होतं. देवाशपथ सांगते, कमी होतं.