दातांतला फ्यूज

"तोंडातलं ते काढ आणि नीट सांग, गावाला गाडी नेऊ का नको?" ताईने विचारलं.

"हूं," मुक्या गाडीखालून म्हणाला.

"हूं म्हणजे ने, का हूं म्हणजे नको?"

"त्याला कशाला विचारतेस?" ब्रेकवर पाय ठेवून बसलेले दाजी म्हणाले. "तुझ्या भावाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवायचा."

मुक्या काही मुका नव्हता. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. संध्याकाळी शटर ओढलं की ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत बोलायचा. पण कामावर त्याचे ओठ मिटलेले, कारण दातांत फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. वायरीत कुठे गडबड झाली की आधी तो जळतो आणि गाडी वाचते. दोष शोधताना उगाच फ्यूज जळत राहू नयेत म्हणून मुक्या त्याच्या जागी तांब्याची जाड तार अडकवी. ती तार जळत नाही. जळायचं झालं तर मग गाडीच जळते. म्हणून फ्यूजच्या पेटीत तार आहे तोवर नवा फ्यूज दातांत. स्वतःच्या विसरभोळेपणाच्या गळ्यात त्याने स्वतःच अडकवलेलं दावं होतं ते.

दाजींच्या गाडीचं दुखणं विचित्र. घरची सगळी मंडळी घेऊन निघालं की ब्रेक दाबताच फ्यूज उडायचा. इथे दुकानात मात्र गाडी साळसूद. तार अडकवली, दाजींनी ब्रेक दाबून पाहिला, मागचे दिवे लख्ख.

ताईने थर्मासमधला चहा ओतला आणि कपबशी त्याच्या हातात कोंबली. मुक्याने फ्यूज बशीत काढून ठेवला, घोट घेतला आणि सुटलेल्या तोंडाने बोलूनही गेला, "न्या की. दिवे तर लागतायत. उरलेलं तुम्ही आल्यावर बघतो."

तेवढ्यात पलीकडे उभ्या असलेल्या ट्रकचा भोंगा अडकला. थांबेचना. मुक्याने कपबशी फळीवर ठेवली आणि तिकडे धावला. भोंग्याची वायर सोडवून परत आला, तर गाडी निघून गेलेली.

आपण फ्यूज बसवला, असंच त्याच्या डोक्यात. कपबशी विसळायला म्हणून उचलली. बशीत लाल फ्यूज, चहाने ओला.

 एव्हाना घरून आई, भाची आणि भाचा मागच्या सीटवर बसले असणार. सीटच्या खाली वायरींची जुडी आणि तिच्याखाली पेट्रोलची टाकी.

ताईला फोन लावला, तर तो त्याच्याच फळीवर वाजला. चार्जिंगला लावून विसरली होती. दाजी उचलेनात. कसे उचलणार? गाडी चालवताना फोन घेतलात तर तुमच्या गाडीला हात लावणार नाही, असा दम यानेच त्यांना भरला होता.

"काय झालं रे?" ट्रकवाल्याने विचारलं.

"पोरं बसलीत मागे," एवढंच बोलून त्याने बशीतला फ्यूज खिशात टाकला, अवजारांची पिशवी उचलली आणि मोटारसायकलला किक मारली.

रस्ता सरळ होता, पण रेल्वे फाटकापलीकडे टेकडीची उतरण सुरू व्हायची. तिथे दाजींचा पाय ब्रेकवरून हलणार नव्हता. वाटेत कुणी कचरा पेटवला होता. तो धूर लांबून दिसला आणि मुक्याने वेग आणखी वाढवला. जवळ गेल्यावर कळलं, कचराच आहे. 

फाटक बंद होतं. रांगेत दाजींची गाडी उभी. ब्रेकचे दिवे लागत होते, मधेच मावळत होते, पुन्हा लागत होते. दिवा मावळला की कुठेतरी उघडं तांबं पत्र्याला टेकतंय, हे त्या रांगेत एकट्या मुक्याला कळत होतं.

मोटारसायकल तशीच आडवी टाकून त्याने दार उघडलं, दाजींच्या पायांत घुसला आणि तार उपटली. बोटांची कातडी चर्रकन भाजली.

"फोन द्यायला आलास होय?" ताई म्हणाली.

"पोरांना उतरव. आईला पण. आधी उतरव."

ताईने त्याचं तोंड पाहिलं आणि मागचं दार उघडलं.

"मामा, सीट मस्त गरम झाली होती," भाची उतरता उतरता म्हणाली. "मी आजीला म्हटलं, मामाने हीटर बसवला."

फाटक उघडलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मुक्या आणि दाजींनी गाडी ढकलून कडेला घेतली. सीट वर केली तर गालिच्याची खालची बाजू करपून तपकिरी झालेली, वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या. सीटच्या पायाचा बोल्ट त्या जुडीत रुतला होता. मागे माणसं बसली की सीट दबायची आणि बोल्ट वायरीला चावायचा. दुकानात मागची सीट रिकामी, म्हणून गाडी शहाण्यासारखी वागायची.

"म्हणजे माझ्या वजनाने झालं म्हणतोस?" आईने विचारलं.

मुक्याला हसू येईना. "फ्यूज बसवायचा राहिला, दाजी. माझ्याकडून."

 मुक्याला टेपचं टोक सापडेना. दाजींनी ते सोडवून दिलं. जळका तुकडा कापून त्याने नवी वायर जोडली, जुडी बोल्टपासून लांबून फिरवून बांधली, खिशातला फ्यूज बसवला. मग आईला एकटीलाच मागे बसवलं, "जोर देऊन बस" म्हणाला आणि दाजींना ब्रेक दाबायला लावला. दाजी दाबत राहिले. दिवे हलले नाहीत. तरी सीटखाली हात घालून तो बराच वेळ वायर चाचपत राहिला. गार होती.

टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत तो त्यांच्या मागे गेला. लाल दिवे दिसेनासे झाले, तेव्हा परत फिरला.

ट्रकवाला पायरीवर बसून होता. "भेटले का?"

मुक्याने मान हलवली. भाजलेली बोटं नळाखाली धरली, ट्रकच्या पेटीत तार अडकवली आणि नवा फ्यूज दातांत धरला.

"चहा सांगू?"

त्याने हातानेच नको म्हटलं.

वायर अर्धी सोलून झाली होती, तेव्हा फळीवर ताईचा फोन वाजला. दाजींचा नंबर. हातातली पक्कड पडली. फोन कानाला लावायलाही त्याला धीर गोळा करावा लागला.

"पोहोचलो," ताईचा आवाज आला. "ऐकतोयस ना?"

"हूं," मुक्या म्हणाला. फोन ठेवून त्याने पक्कड उचलली.