मांडुळाचं वजन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांना नगरला सिनेमाला नेलं. तालुक्याच्या गावातले चार सज्जन एका मांडुळाच्या मागे लागतात आणि त्यापायी एकमेकांना संपवतात, अशी गोष्ट होती. मांडूळ म्हणजे मातीत राहणारा बिनविषारी साप. शेपूट तोंडासारखंच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात आणि त्याच्यामुळे घरात पैसा येतो असं समजून चोरून विकतात. पडद्यावर पहिला मेला तो हॉटेलवाला, भज्यांच्या कढईशेजारी. थेटर हसत होतं. वडील तर डोळे पुसत होते.

सोनईजवळच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी हा साप फळ्यावर काढून दाखवला होता. "तोंड एकच. दुसरं तोंड माणसाच्या हावेला दिसतं," असं ते म्हणाले होते. आमच्या घराण्यात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो तो सरांमुळे. अर्ज त्यांनी भरले, वडिलांची समजूत त्यांनी काढली. आज मीही विज्ञान शिकवतो आणि त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं वापरतो.

मी नववीत असताना कांदा काढताना वडिलांना मांडूळ सापडलं. सरांना कळवलं, तर ते त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर आले. नगरच्या कॉलेजच्या संग्रहालयात ठेवू, बरणीवर तुमच्या मुलाचं नाव लावू, म्हणाले. वडिलांनी दुधाच्या किटलीत माती घालून साप त्यांच्या हवाली केला. पुढे मी त्याच कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात संग्रहालयातली एकूण एक बरणी पाहिली. माझं नाव कुठंच नव्हतं. फुटली असेल बरणी, असं मीच ठरवून टाकलं.

पडद्यावर आता मांडूळ किराणा दुकानाच्या काट्यावर चढलं होतं. वजनावर भाव ठरतो, असं दलाल सांगत होता. वडील हसायचे थांबले.

"आरं, गुर्जींनी बी वजन केलं हुतं."

"कुठं?"

"आपल्याच कांद्याच्या काट्यावर. म्हनले, नोंदीला लागतं. दोनदा केलं, किटली वजा करून."

मध्यंतरात त्यांनी मला सरांना फोन लावायला लावला. मी स्पीकर सुरू केला.

"गुर्जी, त्या मांडुळाचं काय झालं हो?"

"कुठलं मांडूळ?"

"आमच्या कांद्यातलं. पोराचं नाव लावनार हुता तुमी."

पलीकडे सरांनी टीव्ही बारीक केला. मग सर अगदी मायेनं म्हणाले, "दादा, किती जुनं काढताय! पोरगं मार्गी लागलं ना तुमचं?"

"लागलं की."

"मग झालं तर."

मला खूप काही विचारायचं होतं. पण "सर" म्हटल्याशिवाय त्यांच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची, तेच सुचेना. तोवर त्यांनी फोन ठेवला.

"किटली बी न्हाई दिली परत," वडील म्हणाले.

आम्ही आत गेलो. उरलेले दोघे एकमेकांना विहिरीत ढकलत होते, लोक खुर्च्यांत लोळत होते. सगळ्यामागे कोण आहे, ते अजून कळायचं होतं. वडील माझ्या कानाशी वाकले.

"मास्तर निघंल बघ."

शेवटी पोस्टमन निघाला. घरी पोचेपर्यंत वडील एकच सांगत होते, सिनेमावाल्यांचं चुकलं.