खाडीकाठचं आजोबांचं गाव
आम्ही नौपाड्यात राहायचो. त्याआधी आपलं घराणं कुठलं, असं विचारलं की वडील उठून जायचे. शेवटी आत्याकडून गावाचं नाव काढून घेतलं आणि कॉलेजात असताना, ऐंशीच्या दशकात, मी एकटीच डोंबिवलीपलीकडच्या त्या खाडीकाठच्या पाड्यावर गेले.

अंगणात मासळी निवडणाऱ्या म्हातारीने विचारलं, "कोनाची गो तू?" मी आजोबांचं नाव सांगताच तिने माझं मनगट घट्ट धरलं. "हलू बोल!"

मग तिने कुजबुजत सांगितलं. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच होडीतून मासेमारीला गेले होते. परतले फक्त आजोबा. भावाला त्यांनीच बुडवलं असं लोक म्हणू लागले, तेव्हा ते गाव सोडून गेले. त्या भावाचा मुलगा समोरच राहत होता.

एवढ्यात तोच पुढ्यात येऊन उभा राहिला. साठीचा, हातात कोयता. "चल," म्हणाला.

बांधावर मी पुढे, तो मागे. मागे वळून बघायची हिंमत होईना. बांध संपला तिथे तो थांबला. "तुजा आजा जित्ता आला, माजा बाप नाय आला. खरं काय, मला ठाव नाय. पन माजी पोरं तापट हायेत. परत येव नको."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वडील रागावले नाहीत. "आपण कुठे राहतो, ते सांगितलंस त्याला?"

"नाही."

तरी त्यांनी उठून दाराला कडी घातली. आमच्या चाळीत दिवसाउजेडी कुणीच दार लावत नसे.