मोरांसाठी बाजरी

रविवारी सकाळी मी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी स्वयंसेविका म्हणून उभी असते. फिरायला येणाऱ्यांना सांगायचं, पायवाट सोडू नका, गाणी लावू नका, मोरांना दाणे टाकू नका. दाण्यांच्या लोभानं मोर पार रस्त्यापर्यंत येतात आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात. लोक म्हणतात, "क्या अम्मा, मुठ्ठीभर दाने से क्या होता?" मग माझं डोकं फिरतं.

घरातही तोच तमाशा. ह्यांच्या खिशात कायम बाजरी. "तुझं आपलं काहीतरीच!" म्हणायचे आणि माझ्यासमोरून हसत फाटकातून आत जायचे. एकदा तर चारचौघांत मी त्यांना खिसा रिकामा करायला लावला.

ह्या उन्हाळ्यात ते गेले. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं सगळं झालंय.

दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं म्हणे. धाकटे दीर पुढे होऊन म्हणाले, "आईला मी सांभाळीन." कावळा फांदीवरून हलला नाही. ऊन चढलं. सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "मोरांना दाणे टाकीन म्हण. एवढंच म्हण, बाई."

म्हणायला काय जात होतं? पण मी टाकणार नव्हते, आणि ह्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. माझं तोंड उघडलंच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा फाटकाशी. घरी बसून तरी काय करणार होते? मलकपेठेहून, दिरांच्या घरून, एक ऑटो आला. काठी टेकत सासूबाई उतरल्या. हातात बाजरीची पिशवी.

"आई, दाणे आत नेता येत नाहीत."

दर रविवारी सगळ्यांना सांगते तोच आवाज. कडाकडा भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"माझं लेकरू अडकलंय गं. त्याला कसं सोडवू, ते तरी सांग."

माझ्यामागे माणसं आत जात होती. मला फक्त मोरांचं ठाऊक होतं.