मास्तरांचा राहिलेला टायर

माझं काम बिजलीचं. तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही... एवढाच माझा देवधर्म. घरी कोणी भूतबित सुरू केलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. त्यामुळे आज हे लिहायला बसलोय याची माझी मलाच लाज वाटते. खरी लाज मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे, ती पुढे येईलच.

आमचा नागपूरला जुन्या गाड्यांचा ग्रुप आहे. दहा-बारा गाड्या, रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त. रविवारी सकाळी सहाला फुटाळा तलावावर जमायचं, एकमेकांच्या गाडीची इज्जत काढायची आणि कुठेतरी तर्री-पोहे खायला निघायचं. माझी तीस वर्षांची जीप. पप्पू तिला "भंगारवाल्याची आस" म्हणतो. त्याची स्वतःची गाडी उतारावरही धक्का मागते, ते वेगळं!

ग्रुपात सगळ्यात मोठे मास्तर. शहरातल्या महाल भागात त्यांचं टेलरिंगचं दुकान. पुढे गाड्यांचे सीटकव्हर शिवायला लागले आणि त्यातूनच गाड्यांचा नाद लागला. निघायच्या आधी मास्तर प्रत्येक गाडीपाशी उकिडवे बसायचे, चारही टायरवर आतून-बाहेरून हात फिरवायचे आणि खिशातल्या निळ्या टेलरी खडूनं बरोबरची खूण करायचे. टायर खराब असला तर फुली. फुली पडली की ती गाडी त्या दिवशी बाद, मग मालक कितीही कुरकुरो. हा नियम कोणी केला नव्हता, आपोआप पडून गेला होता.

एका रविवारी दोन नवे मेंबर आले, रंग मारून चकाचक केलेल्या गाड्या घेऊन. मला त्यांच्यापुढे भाव खायचा होता. सावनेरकडे जायचं होतं, उशीर होत होता आणि मास्तर आपले निवांत. माझ्या जीपचे तीन टायर झाले. मागच्या डाव्यापाशी ते गुडघा धरून बसायला लागले, तेव्हा मी मोठ्यानं बोललो, "मास्तर, तुम्ही पायजाम्याचं माप घ्या ना. टायरचं आम्ही पाहून घेतो!"

सगळे हसले. आमच्यात रोज यापेक्षा वाईट बोललं जातं. मास्तरही हसले. पण त्यांनी खडू खिशात टाकला, हात पुसले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. मला तेव्हाच कळलं होतं की त्यांना लागलं. कळलं होतं — हे मुद्दाम लिहितोय.

पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "गुडघा दुखून राहिला गा." मी म्हटलं, येतो भेटायला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर माझी साइट चालू होती, तरी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं? मग एका सकाळी ग्रुपवर मेसेज आला, मास्तर झोपेतच गेले. घाटावर मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्यानंतर टायर पाहायचं कोणीच केलं नाही. "पाहून घेतो" म्हणणारा मी, मी तर नाहीच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही भिवापूरला मिरची आणायला निघालो. सोबत माझी मुलगी ऋचा होती. तिला नुकतंच लायसन मिळालं होतं, उमरेडपासून पुढे तीच चालवणार होती. आदल्या संध्याकाळी जीप मी स्वतः धुतली होती, टायरला ब्रश मारून, आणि शटरच्या आत लावली होती.

उमरेडला चहाला थांबलो. पप्पू जीपच्या मागून ओरडला, "भाऊ, ह्या टायरवर फुली कोणं मारली गा?"

मागच्या डाव्या टायरवर निळी फुली. एवढ्या धुळीतून आलो, टायर मातकट झाला होता आणि ती वरून आत्ता काढल्यासारखी कोरी.

माझं डोकंच सटकलं. "अबे, मेलेल्या माणसावर मजाक करता का तुम्ही?"

"पोराची शपथ, भाऊ. मी काहून करू असं?" पप्पू खोट्या शपथा हसत हसत घेतो. तेव्हा तो हसत नव्हता.

ऋचा म्हणाली, "बाबा, ओरडू नका ना. आधी टायर तर पाहा."

मी खाली बसलो, आतून हात फिरवला... आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. चहाच्या टपरीशेजारच्या टायरवाल्यानं बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाला, "बरं झालं थांबले. हा पुढे फुटलाच असता." आणि पुढे स्टिअरिंगवर माझी पोरगी बसणार होती.

भिवापूर राहिलं. स्टेपनी लावली आणि थेट महालात काकूंकडे गेलो, मास्तरांच्या बायकोकडे. फुलीचं एक अक्षर बोललो नाही. एवढंच विचारलं, "काकू, मास्तर रागावले होते का माझ्यावर?"

"नाही गा. राग कायचा? हसूनच सांगितलं होतं मले. पण त्यायचा जीव लागून राहिला होता. सारखं म्हणत, प्रशांतचे तीन झाले, एक राहिला. जाऊन पाहून येतो म्हणत. मीच गुडघ्यापायी जाऊ देल्लं नाही." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "कोणता राहिला होता गा?"

"मागचा डावा," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

कोणी म्हणेल त्या जुन्या रविवारचीच खूण असेल. पण त्यानंतर जीप किती वेळा धुतली असेल, आणि त्या टायरला तर त्यांचा खडू लागलाच नव्हता. टायर पोर्चमध्ये ठेवलाय, त्याच्यावर टेस्टर लावून काही कळत नाही.

दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं, मी गेलो नाही. ते मात्र येऊन गेले.