विचारल्याशिवाय खोड सांगू नये

बैलाचं वय सांगायचं तर शालिकरामने. तिवश्यापासून अकोल्यापर्यंतच्या बैलबाजारांत ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती. विकणाऱ्याने शिंगं तासून तेल चोपडलेलं असो की दात कानशीने घासलेले असोत, शालिकराम जबड्यात अंगठा घालायचा, खांद्यावरून तळवा फिरवायचा आणि मान डोलवायचा. बस, झालं. पण बोलायचा नाही. घेणाऱ्याने समोर उभं राहून "खोड सांग" असं म्हटलं, तरच त्याचं तोंड उघडायचं.

ही त्याच्या घराण्याची रीतच होती. विचारल्याशिवाय खोड सांगायची नाही आणि विचारल्यावर लपवायची नाही. न विचारता बोलणारा पारखी म्हणजे कोणाचा तरी फोडलेला दलाल, असं बाजार मानायचा. शालिकरामच्या बापाने एकदा कीव येऊन एका गरिबाला आपणहून सावध केलं, तर विकणाऱ्याच्या माणसांनी भर बाजारात त्याचा हात मोडला. आणि ज्याला वाचवलं तो गरीबही म्हणाला, "यानं दुसऱ्याकडून पैसे घेतले असतीन." घ्या! तेव्हापासून ही रीत शालिकरामच्या हाडात बसली ती बसलीच.

लढाईच्या दिवसांत अकोल्याबाहेर विमानतळ झाला आणि शालिकराम जठारपेठेत बिऱ्हाड करून तिथे कामाला लागला. बायको आधीच वारलेली, एक मुलगी वच्छला, तिचंही लग्न झालेलं. गोरे गेले तशी एका शेठने कंपनी काढली आणि लष्कराने मोडीत काढलेली दोन विमानं घेतली. मुंबई, अकोला, नागपूर अशी फेरी सुरू झाली. विमानांना नावं नद्यांची, एक 'वर्धा' आणि एक 'मोर्णा'. शालिकरामचं काम त्यांना धुण्याचं. रॉकेलचा बोळा घेऊन तो शेपटीपासून नाकापर्यंत पुसत यायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "जनावरच हाये बाप्पा. चारा तेवढा महाग."

धुणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते कागदाला कळत नाही. 'वर्धा'चा पंख जिथे धडाला मिळतो, तिथल्या रिबिटांच्या मागे काळे ओघळ यायचे. पत्रा पत्र्याला धरून ठेवणारे ते खिळे. शालिकराम ओघळ पुसायचा, विमान नागपूरला जाऊन यायचं, ओघळ पुन्हा हजर. आधी तीन रिबिटांना होते, दिवाळीपर्यंत अकरा झाले. खिळा आत हलतो तेव्हाच असा काळा भुगा बाहेर येतो, हे सांगायला त्याला मिस्त्री लागला नाही. जुवाखाली खांदा सुजलेला बैल त्याने काय कमी पाहिले होते?

तरी त्याने मिस्त्रीला बोट लावून दाखवलं. मिस्त्री भला माणूस. हळूच म्हणाला, "मले दिसते गा. दोनदा लिहून देल्लं. सामान नाही म्हणतात."

मार्गशीर्षात 'वर्धा' नागपूरला गेलं ते महिनाभर आलंच नाही. मग एक दिवस ढोलताशे वाजले, नारळ फुटला आणि मॅनेजर देवीदासबाबूंनी जाहीर केलं की कंपनीने तिसरं, अगदी कोरं विमान आणलं आहे. नाव 'पूर्णा'. 'वर्धा' म्हणे नागपूरलाच ठेवलं. चकचकीत रुपेरी रंग, कडेला निळा पट्टा. लोक तर नुसते खुळावले. शालिकराम बोळा घेऊन पुढे झाला आणि दाराखाली पुसता पुसता त्याचा हात थबकला. मागच्या उन्हाळ्यात पेट्रोलचा ट्रक मागे येताना 'वर्धा'ला जिथे घासला होता, तिथेच तो वीतभर लांबीचा पोचा होता. वरून रंग, खाली तोच पोचा.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! तो पंखाकडे गेला. तिथेही रंग जाड होता. पण दोनच फेऱ्या झाल्या आणि त्या रुपेरी रंगावर काळे ओघळ उमटले. चौदा.

तो देवीदासबाबूंकडे गेला. बाबू चहा पीत होते. "बाबूसाहेब, हे जनावर म्हातारं हाये. खांदा गेला त्याचा."

बाबूंनी कप खाली ठेवला. "तपासणीचा कागद आहे आमच्याकडे, शालिकराम. साहेबाची सही आहे. तू साहेबापेक्षा शहाणा का? पुसायचं काम आहे, पूस. नाहीतर पुसणारे पुष्कळ मिळतात."

शालिकराम बाहेर आला. आता प्रवाशांना सांगायचं तर रीत आडवी. तो रोज विमानापाशी उभा राहायचा आणि वाट पाहायचा, कोणी तरी विचारेल. लोक विचारायचेही, पण काय? "शालिकराम, पोटात ढवळते का गा?" "वरून शेगाव दिसते का?" कोणी म्हणून "खोड सांग" म्हणेना. कसं म्हणतील? त्यांना बैलबाजार आठवायचं कारणच काय? हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही. आणि खरं बोलायचं तर रीतीच्या आड पगाराची भीतीही दडलेली होती. माणूस आपल्या भित्रेपणाला नेहमी चांगलंसं धोतर नेसवतो.

संक्रांत झाली. वच्छला माहेरपणाला आली होती, सहा महिन्यांची पोरगी घेऊन. नवरा नागपूरला छापखान्यात. त्याने हौसेने परतीचं विमानाचं तिकीट पाठवलं. वच्छला हरखून गेली, आळीभर तिकीट दाखवत फिरली. शालिकराम तीन दिवस जेवला नाही. "आगगाडीनं जाय वं," एवढंच म्हणत राहिला. ती म्हणायची, "काहून? तुमचे जावई येवढ्या हौसेनं पाठवून राहिले अन् तुमी तोंड पाडता!" आपल्या लेकीलाही तो न विचारता सांगेना. अशा माणसाला काय म्हणावं? राग येतो, पण दयाही येते.

तिच्या जाण्याच्या दिवशी सकाळी दहाची वेळ. एकवीस जागा, एकवीस माणसं. एवढ्यात शेजारचा पंजाबराव धापा टाकत आला. मळ्यातली भाजी विकणारा, साधा, हसरा माणूस. नागपूरच्या दवाखान्यात त्याचा भाऊ अत्यवस्थ होता आणि आगगाडी चुकली होती. भाजीच्या पैशाचं गाठोडं त्याने देवीदासबाबूंपुढे सोडलं. बाबू म्हणाले, "जागा नाही, पंजाबराव. उद्याची गाडी पाहा." पंजाबराव तिथेच मटकन खाली बसला.

वच्छला शिडीवर चढली. एक पायरी, दोन पायऱ्या. मग तिने वळून बापाकडे पाहिलं. शालिकराम पंखाखाली उभा होता, हातात बोळा, आणि चेहरा असा की अंगात रक्तच नाही. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून बैलबाजार फिरली होती. हा चेहरा तिला ओळखीचा होता. ती खाली आली, त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खोड सांगा."

शालिकरामने बोळा खाली ठेवला. "हाये."

"कुठं?"

"खांद्यात. लय जुनी. आज ना उद्या..."

वच्छलाने पोरीला छातीशी धरलं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीले ताप हाये बाई, मी नाही जात आज." बोलून गेली आणि बापाच्या मागे उभी राहिली. तिने तरी काय करावं! कागद-साहेब-सही यांच्यापुढे एका धुणाऱ्याची लेक, आणि बापाची नोकरी.

"देव पावला!" पंजाबराव उठलाच. गाठोडं बाबूंच्या हाती कोंबलं आणि शिडीकडे धावला. जाता जाता पोरीच्या गालाला हात लावून म्हणाला, "तुया तापानं माया भावाची भेट होते वं माय." दारातून शालिकरामला ओरडला, "घरी जमुनाले सांगजो गा, जागा भेटली म्हून!"

शालिकराम दोन पावलं पुढे झाला. तोंड उघडलं. आता तरी बोल रे! पण पंजाबरावने विचारलं नव्हतं, बाबू बघत होते, पंखे फिरू लागले आणि दार लागलं. हात हलवणारा पंजाबराव काचेमागे दिसला, मग दिसेनासा झाला.

अमरावतीच्या लोकांनी विमान वरून जाताना पाहिलं. आवाज नेहमीसारखा नव्हता, असं ते मागाहून म्हणाले. तिवश्याच्या अलीकडे, तुरीच्या वावरात आधी एक पंख पडला. बाकीचं कोसभर पुढे. कोणी वाचलं नाही.

तेरवी झाल्यावर पंजाबरावची बायको जमुना शालिकरामच्या घरी आली. कपाळ पांढरं, डोळे कोरडे. ती भांडायला आली नव्हती, हेच वाईट. ओसरीवर बसली आणि वच्छलाला विचारलं, "पोरीचा ताप उतरला का वं?"

वच्छलाने पोरीला मांडीवर ओढून घेतलं. जमुनाने मांडीवरल्या पोरीच्या कपाळाला हात लावला. पोरगी हसली. जमुनाने हात काढून घेतला. मग शालिकरामकडे वळली.

"भाऊ, ते वावरातले लोक म्हणत होते, जहाज जुनं होतं. रंग देल्ला होता म्हणे. तुमी धुवत होते. खरं सांगा, खोड होती का त्याच्यात?"

विचारलं होतं. आता लपवायची सोय नव्हती.

"होती," शालिकराम म्हणाला.

"तुमाले मालूम होती?"

"दिवाळीपासून."

"अन् वच्छलेले सांगतली?"

"तिनं विचारलं, जमुना."

जमुनाने पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. "माया माणूस तुमच्यासमोरून पळत गेला भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या लेकीच्या जागेवर. त्याचा हात तरी धरायचा होता. हात धराले काई बोला लागत नाही."

वच्छलाने पाण्याचा तांब्या पुढे केला. जमुनाने तो घेतला नाही, आणि दुपारभर ती तिथेच त्या ओसरीवर बसून राहिली.